भिजलेली गाडी फोटोत का खुलते?

भर दुपारी, लख्ख उन्हात, नुकत्याच धुतलेल्या काळ्या गाडीचा फोटो काढला की बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते. टपावर पांढरा डाग जळून निघालेला असतो, दारे काळीठिक्कर पडलेली असतात आणि मागच्या काचेत फोटो काढणाराच उभा दिसतो. तीच गाडी जुलैतल्या एखाद्या ढगाळ संध्याकाळी पावसात उभी असली, तर साध्या फोनवरही तिची वळणे सुबक उतरतात, रंग गडद होतो आणि खालच्या ओल्या डांबरावर तिचे दिवे लांबवर उतरलेले दिसतात. दुसरे कोडेही तितकेच ओळखीचे आहे. डोळ्यांसमोर पाऊस धो धो कोसळत असतो, पण फोटो उघडून पाहावा तर त्यात पाऊसच नसतो. असतो नुसता मळकट करडा रस्ता. म्हणजे पावसात गाडी खुलते आणि पाऊस मात्र हरवतो. असे का होते?

दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. पाऊस प्रकाशाच्या वाटा बदलतो. ऊन एका बिंदूतून येते, ढगाळ उजेड सगळ्या आकाशातून येतो. कोरडा रस्ता प्रकाश चहूकडे उधळतो, ओला रस्ता तो एकाच दिशेने परत पाठवतो. आणि थेंब आपल्या मागचा प्रकाश वाकवून पुढे आणतो. या तीन गोष्टी समजल्या की पावसाळी फोटो हा नशिबाचा किंवा महागड्या कॅमेऱ्याचा भाग उरत नाही. माझे म्हणणे असे, की गाडीच्या फोटोसाठी पाऊस ही अडचण समजणे चूक आहे. प्रकाश कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहायला शिकायचे असेल, तर सामान्य माणसाला याहून चांगली आणि फुकटची संधी नाही.

हे समजून घ्यायला हैदराबादचे दिलसुखनगर ही फार सोयीची जागा आहे. पुण्याहून सोलापूर, उमरगा करत येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे आणि पुढे मछलीपट्टणला जातो, तो याच वस्तीतून. २४ सप्टेंबर २०१८ रोजी अमीरपेट ते एल. बी. नगर हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून या रस्त्यावरून मेट्रोही धावते. मुसारामबाग, दिलसुखनगर, चैतन्यपुरी ही स्थानके एकामागून एक या रस्त्याच्या डोक्यावर उभी आहेत. शिकवणी वर्गांचे फलक, कपड्यांची-चपलांची दुकाने, बस, रिक्षा आणि वर काँक्रीटचा पूल अशी इथली रचना आहे. पाऊसही मुंबईसारखा चार-चार दिवस झड लावणारा नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, हैदराबादेत साधारण आठशे. त्यातला बराचसा दुपार कलल्यावर ढग दाटून येऊन एकदम कोसळतो आणि तासा-दोन तासांत थांबतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी कोरडा रस्ता, ओला रस्ता, काळे ढग आणि ढगांखालून आलेली तिरपी उन्हे हे सारे लागोपाठ पाहायला मिळते.

रंगाच्या आधी प्रतिबिंब दिसते

गाडीचा फोटो अवघड का, याचे मूळ तिच्या रंगकामात आहे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या थरावर आणखी एक पारदर्शक, गुळगुळीत लेप असतो. रंग आत असतो आणि चमक या वरच्या लेपाची असते. घासून लख्ख केलेले स्टीलचे ताट हातात धरावे तर त्यात स्टील फारसे दिसत नाही. दिसते स्वयंपाकघराची खिडकी, वरची ट्यूबलाइट आणि आपला चेहरा. ताट थोडे कलते केले की खिडकी जाऊन तिथे भिंत येते. गाडीचे पत्रे म्हणजे वेगवेगळ्या कोनांत वाकवलेली अशीच ताटे. बॉनेट आकाश दाखवते, दारे समोरची दुकाने दाखवतात आणि बंपरचा खालचा भाग रस्ता दाखवतो. आपण ‘गाडीचा आकार’ म्हणून जे ओळखतो, ते पुष्कळदा या प्रतिबिंबांच्या कडा कुठे वळतात त्यावरून ओळखतो.

काळ्या आणि गडद गाड्यांच्या बाबतीत हे जास्त खरे आहे. पारदर्शक लेपावर प्रकाश सरळ पडला तर त्यातला सुमारे ४ टक्के तिथूनच परत फिरतो. उरलेला आत जातो आणि काळा रंग तो जवळजवळ गिळून टाकतो. म्हणजे काळ्या गाडीवर डोळ्यांना जे काही दिसते ते बहुतांश त्या परत फिरलेल्या प्रकाशाचे असते. पांढऱ्या गाडीचे तसे नाही. तिच्यातला रंगच आत आलेला प्रकाश भरपूर प्रमाणात बाहेर टाकतो आणि त्या उजेडात ४ टक्क्यांचे प्रतिबिंब फिके पडते. म्हणूनच पाऊस काळ्या, गडद निळ्या, लाल गाड्यांना जितका मानवतो तितका पांढऱ्या गाडीला मानवत नाही. पांढरी गाडी पांढरट आकाशासमोर उभी केली तर तिच्या कडाच हरवतात. तिच्यामागे गडद काही हवे: पुलाचा खांब, झाड, भिजून काळी पडलेली भिंत.

ढग आले की काय बदलते

सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो आणि त्यातला बहुतेक या अर्ध्या अंशातून येतो. लक्स हे उजेड मोजायचे एकक आहे. घरातल्या दिवाणखान्यात रात्री शंभर-दोनशे लक्स असले तरी आपले काम भागते. एवढा प्रकाश इतक्या लहान जागेतून आला की गाडीवर त्याचे प्रतिबिंबही लहान आणि विलक्षण तेजस्वी पडते. कॅमेरा त्या तेजाला सांभाळायला गेला की बाकी सगळी गाडी अंधारात बुडते. गाडी उजळ करायला गेला की तो बिंदू जळून पांढरा होतो. दोन्ही टोके एका फोटोत मावत नाहीत.

ढग दाटले की उजेड उतरून दहा हजार लक्सच्या घरात येतो, वादळी ढगांखाली हजारापर्यंतही जातो. पण तो आता सगळ्या आकाशातून येत असतो. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखे उजळ मात्र नसते. १९४२ साली मून आणि स्पेन्सर या संशोधकांनी अशा आकाशाचा जो हिशेब मांडला, त्यानुसार डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. गाडीच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. वर तोंड केलेले टप आणि बॉनेट उजळ आकाश दाखवतात, उभी दारे क्षितिजाकडचा मंद भाग दाखवतात आणि दोहोंच्या मधल्या वळणावर उजेड हळूहळू उतरत जातो. वळण गोल आहे की कोनदार, हे त्या उतारावरून कळते. जाहिरातींसाठी गाड्यांचे फोटो काढणारे स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर भलामोठा पांढरा पडदा टांगून त्यावर दिवे सोडतात, ते नेमके यासाठीच. पावसाळी आकाश हेच काम विनामूल्य करते.

यातून एक कामाचा नियम निघतो. गाडीकडे पाहण्याआधी गाडीच्या समोर काय आहे ते पाहावे. प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परत जातो, हे शाळेत शिकलेले वाक्य इथे उपयोगी पडते. दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर उभ्या गाडीच्या दारात समोरच्या शिकवणी वर्गाचा पिवळा फलक दिसतो; तो दाराच्या आडव्या चुणीपाशी येऊन मोडतो, चुणीच्या वर एक पट्टा आणि खाली दुसरा. फोटोत हा पिवळा तुकडा रंग उडाल्यासारखा वाटतो. गाडी हलवता येत नसेल तर फोटो काढणाऱ्याने दोन पावले सरकावे. दाराकडे पाहण्याचा कोन बदलतो, फलक निघून जातो आणि तिथे करडे आकाश येते. ऊन असताना हा बदल त्या एका जळक्या बिंदूमुळे लक्षातच येत नाही. ढगाळ उजेडात तो स्वच्छ दिसतो, म्हणून शिकायलाही सोपा जातो.

ओला रस्ता काळा होतो आणि चमकतोही

एकच रस्ता भिजल्यावर काळाही होतो आणि चमकतोही, यात वरवर विसंगती वाटते. कोरडे डांबर खडबडीत असते. त्यावर पडलेला प्रकाश अक्षरशः सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून कुठूनही पाहिले तरी रस्ता सारखाच करडा दिसतो. पाऊस पडला की खळग्यांत पाणी भरते आणि वर पाण्याचा पातळ, सपाट थर बसतो. खालच्या खडीवरून विखुरलेला प्रकाश बाहेर पडू पाहतो, तेव्हा त्याला हा थर ओलांडावा लागतो. पाण्यातून हवेत जाताना सुमारे ४९ अंशांहून अधिक तिरप्या किरणांना बाहेर पडताच येत नाही. ते थराच्या वरच्या पृष्ठावरून पुन्हा खाली फिरतात, पुन्हा खडीवर आपटतात आणि प्रत्येक खेपेला थोडे थोडे शोषले जातात. ओली जमीन काळी का दिसते याचे हे स्पष्टीकरण स्वीडनच्या आन्डर्स ओंगस्ट्रोम यांनी १९२५ मध्ये मांडले. ओली माती, ओली वीट, भिजलेला सदरा हे सारे गडद दिसण्यात या कारणाचा मोठा वाटा आहे.

हा झाला काळेपणा. चमक येते ती थराच्या वरच्या सपाट पृष्ठावरून. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते फक्त २ टक्के प्रकाश परत पाठवते, पण नजर जितकी तिरपी तितका हा वाटा झपाट्याने वाढतो. फोन छातीच्या उंचीवर, दीड मीटरवर धरून साडेतीन मीटर पुढच्या ओल्या रस्त्याकडे पाहिले, तर तिथून परत येणारा वाटा जेमतेम १० टक्के असतो. तोच फोन जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणला की तेवढ्याच अंतरावरच्या पाण्यातून जवळजवळ ५९ टक्के प्रकाश परत येतो. फोन नुसता खाली आणल्याने प्रतिबिंब सहापट उजळते. खाली रस्ता काळा आणि त्यावर दिव्यांचे उजळ प्रतिबिंब, यामुळेच ओल्या रस्त्यावरची गाडी एवढी उठून दिसते. अनुभवी छायाचित्रकार पावसात उकिडवे बसतात त्यामागचा हिशेब हा आहे.

रस्ता पूर्ण सपाट नसतो, त्यावर बारीक लहरी असतात. त्यामुळे लाल टेललाइटचे प्रतिबिंब ठिपक्यासारखे न राहता पाहणाऱ्याच्या दिशेने लांबट पसरते. पाऊस चालू असताना पडणारा प्रत्येक थेंब या लहरी वाढवतो आणि प्रतिबिंब फाटते. पाऊस थांबल्यावर पाणी निवळते आणि प्रतिबिंब जुळून येते. हैदराबादच्या संध्याकाळच्या सरीनंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटे म्हणूनच सर्वांत मोलाची. आकाशात थोडा उजेड शिल्लक असतो, दुकानांचे दिवे लागलेले असतात आणि रस्ता अजून ओला असतो.

पाऊस फोटोत का उतरत नाही

आता दुसरे कोडे. पावसाचा मध्यम थेंब सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. स्वतःच्या व्यासाएवढे अंतर तो सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात कापतो. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला तर फोटोतल्या एका ठिकाणावरून थेंब गेला तो त्या वेळेच्या पन्नासाव्या भागापुरताच. उरलेला सगळा वेळ तिथे मागच्या दृश्याचा प्रकाश साठत राहिला. थेंबाची जी रेघ उमटायची ती मागच्या उजेडात बुडाली. डोळ्यांना पाऊस दिसतो कारण ते हालचाल टिपतात. फोटोत हालचालच नसते.

कोलंबिया विद्यापीठातल्या क्षितिज गर्ग आणि श्री नायर यांनी २००५ साली कॅमेऱ्याला पाऊस केव्हा दिसतो यावरच शोधनिबंध लिहिला. थेंब हा गोल भिंगासारखे काम करतो आणि मागच्या बाजूचा सुमारे १६५ अंशांचा विस्तार आपल्यात गोळा करून पुढे पाठवतो, हे त्यांनी दाखवले. इतक्या विस्तारात आकाशाचा मोठा भाग येतोच, म्हणून थेंब बहुधा आपल्या मागच्या जागेपेक्षा उजळ असतो. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. पांढऱ्या आकाशासमोर उजळ थेंब दिसणारच नाही. काळ्या भिंतीसमोर, झाडीसमोर, पुलाखालच्या अंधारासमोर तो दिसेल. दिवा थेंबाच्या मागे आणि चौकटीच्या किंचित बाहेर असेल, तर त्याचा प्रकाश वाकून कॅमेऱ्याकडे येतो आणि थेंब लकाकतात. संध्याकाळी गाडीचे हेडलाइट लावून बाजूने फोटो काढला की पाऊस फक्त त्या झोतातच दिसतो, तो याच कारणाने.

राहिला शटरचा प्रश्न. सेकंदाच्या साठाव्या भागात थेंब सुमारे ११ सेंटिमीटर उतरतो, म्हणून रेघ लांब पण फिकी येते. हजाराव्या भागात तो साडेसहा मिलिमीटरच उतरतो. रेघ ठळक पण इतकी तोकडी येते की पाऊस धुळीच्या कणांसारखा वाटतो. मधला मार्ग सेकंदाच्या शंभराव्या भागाजवळ आहे, जिथे रेघ साडेसहा सेंटिमीटरची होते. योगायोगाने हाच वेग आपल्याकडे आणखी एका कारणाने उपयोगी आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, म्हणून विजेचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवले की दुकानांच्या पाट्यांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत.

फ्लॅश मात्र बंद ठेवावा. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. फ्लॅशपासून अर्ध्या मीटरवरच्या थेंबावर पाच मीटरवरच्या गाडीपेक्षा शंभरपट प्रकाश पडतो आणि फोटोभर पांढरे गोळे उमटतात. फोनमधला ‘नाइट मोड’ही पावसाचा शत्रू आहे. तो लागोपाठ अनेक फोटो काढून त्यांचे मिश्रण करतो आणि एकाच फोटोत दिसलेली गोष्ट दोष समजून काढून टाकतो. थेंब प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे यंत्र पाऊसच पुसून टाकते.

स्थानकाखालचा कोरडा कोपरा

दिलसुखनगरची भौतिकशास्त्राला धार्जिणी जागा म्हणजे मेट्रो स्थानकाच्या पोटाखालचा भाग. स्थानक रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर पसरलेले असते आणि त्याचे जिने दोन्ही बाजूंच्या पदपथांवर उतरतात. पदपथावर जिन्याच्या आडोशाला उभे राहिले की कॅमेरा कोरडा राहतो आणि समोर, स्थानकाच्या छपराबाहेर, पाऊस खुल्या उजेडात पडत असतो. पण खरा फायदा उजेडाचा आहे. छपराने डोक्यावरचे उजळ आकाश झाकलेले असते, म्हणून खाली आलेल्या गाडीच्या टपावर गडद काँक्रीट दिसते आणि उजेड फक्त दोन टोकांकडून व बाजूंनी येतो. या उजेडाच्या लांब पट्ट्या गाडीच्या खांद्यावरून, दारांच्या वरच्या कडेवरून, सलग रेघेसारख्या वाहत जातात. स्टुडिओत काळे कापड लावून मुद्दाम घडवावा लागणारा परिणाम इथे वाहतुकीच्या धबडग्यात आपोआप घडतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा राष्ट्रीय महामार्ग आहे. दुभाजकावर, खांबाजवळ किंवा मार्गिकेत उभे राहून फोटो काढणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. ओल्या रस्त्यावर गाडीला थांबायला जास्त अंतर लागते आणि भिजलेल्या काचेमागच्या चालकाला उकिडवा बसलेला माणूस दिसत नाही. खाली बसायचे ते पदपथावर, नाहीतर सोसायटीच्या आवारात किंवा गल्लीत उभ्या असलेल्या गाडीपाशी.

थेंबातले उलटे जग

बॉनेटवर पाणी कसे बसते हेही पाहण्यासारखे असते. मेण किंवा तत्सम लेप लावलेल्या पत्र्याला पाणी चिकटत नाही. पृष्ठताणामुळे ते गोळा होऊन टपोऱ्या थेंबांत उभे राहते. लेप झिजलेल्या पत्र्यावर पाणी पसरून सलग थर होतो. सलग थरात गाडीचा आकार शांतपणे दिसतो, थेंबांत तो शेकडो ठिपक्यांत तुटतो पण पावसाचा स्पर्श जाणवतो. आकार दाखवायचा की पाऊस, हे आधी ठरवावे.

दाराच्या काचेवरचा एखादा थेंब अगदी जवळून पाहिला, तर त्यात सारा रस्ता उलटा असतो: आकाश तळाशी, मेट्रोचा पूल मध्यावर आडवा, आणि वरच्या कडेला चाके वर केलेल्या रिक्षा. थेंब बहिर्गोल भिंग आहे, वरचे किरण खाली आणि खालचे वर नेतो. हे टिपायचे तर फोनच्या पडद्यावर थेंबावर बोट ठेवून फोकस तिथे बांधावा. काचेपलीकडचे दृश्य हवे असेल तर उलट करावे, म्हणजे थेंब धूसर होतात आणि माणसे स्पष्ट. या साध्या निवडीतून मोठी चित्रे घडली आहेत. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९९३ साली मुंबईत टॅक्सीच्या आतून काढलेला, पावसाने भिजलेल्या काचेबाहेर मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचा फोटो जगभर पाहिला गेला. रघुबीर सिंग यांनी अ‍ॅम्बॅसॅडर गाडीच्या आतून आणि आसपासून देश टिपला. त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये, ‘ए वे इनटू इंडिया’ हे पुस्तक निघाले. गाडीची काच आणि दाराची चौकट हीच त्या चित्रांची रचना आहे.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप उजेडाचा: पावसात अंधार असतो, फोटो दाणेदार येतात. हिशेब मांडला तर हे अर्धेच खरे ठरते. दहा हजार लक्सच्या ढगाळ दिवसात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) ५.६ आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग एवढ्यावर उत्तम फोटो निघतो. हजार लक्सच्या दाट अंधारातही आयएसओ आठशे-हजारवर नेले की काम भागते आणि आजचे कॅमेरे ते सहज पेलतात. शिवाय उभी गाडी हलत नाही. कॅमेरा टेकवून ठेवला तर शटर हवे तितके लांबवता येते.

दुसरा आक्षेप उपकरण भिजण्याचा, आणि तो रास्त आहे. फोनवरची आयपी ६८ ही खूण स्थिर, स्वच्छ पाण्यातल्या चाचणीची असते; काळाने पाणी अडवणारे रबर सैल पडते, म्हणून त्या खुणेवर विसंबू नये. छत्री, फोनला पारदर्शक पिशवी आणि भिंग पुसायला कोरडा सुती रुमाल एवढे पुरते. ओल्या हातांनी पडदा ऐकत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो. एसी गाडीतून उतरल्यावर भिंगावर धुके धरते. पावसाळ्यात हैदराबादच्या हवेचा दवबिंदू बावीस अंशांच्या आसपास असतो आणि त्याहून थंड काचेवर बाष्प जमणारच. उतरण्याआधी दहा मिनिटे एसी बंद केला की प्रश्न मिटतो. भिजलेला फोन मात्र वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: भिजलेल्या गाडीचा फोटो खोटा असतो. इथे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मान्य करावे लागते, आणि कारणही प्रकाशाचेच आहे. रंगावरचे बारीक ओरखडे दिसतात ते लेप आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश भलतीकडे फिरतो म्हणून. तिथून ४ टक्के प्रकाश परत येतो. ओरखड्यात पाणी भरले की सीमा लेप आणि पाण्याची होते. या दोहोंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, जवळचा असल्याने परतणारा प्रकाश सुमारे ०.४ टक्क्यावर येतो, म्हणजे दहापट घटतो, आणि ओरखडा लपतो. म्हणून पाऊस गाडीच्या आकाराविषयी खरे बोलतो, तिच्या कातडीविषयी बोलत नाही. जुनी गाडी विकताना ओला फोटो देणे योग्य नाही, आणि विकत घेणाऱ्याने कोरड्या गाडीचे, तिरप्या उन्हातले फोटो मागावेत. पुराच्या नुकसानीचेही तसेच. १३ ऑक्टोबर २०२०च्या रात्रीच्या पावसात दिलसुखनगरला लागून असलेल्या सरूरनगर तलावाच्या आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि शहरात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा वेळी विमा कंपनीसाठी उपयोगी पडतो तो पाणी कुठवर चढले होते ती चिखलाची रेघ दाखवणारा साधा, स्पष्ट फोटो. तो पाणी ओसरल्यावर काढावा. साचलेल्या पाण्यात उतरून नव्हे, कारण त्याखाली उघडे मॅनहोल असू शकते.

थोडक्यात

• गाडीआधी तिच्यासमोर काय आहे ते पाहा. पत्र्यावर तेच दिसणार आहे.
• गडद गाडीला ढगाळ आकाश मानवते. पांढऱ्या गाडीमागे गडद पार्श्वभूमी हवी.
• कॅमेरा खाली आणा. ओल्या रस्त्यातले प्रतिबिंब कित्येक पटींनी उजळते.
• पाऊस दाखवायचा तर मागे अंधार, थेंबांमागे दिवा आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाजवळ.
• फ्लॅश आणि नाइट मोड बंद.
• उभे राहायचे ते पदपथावर. फोटो सगळ्यांना पाठवताना गाडीचा क्रमांक झाका.
• खरेदी-विक्रीसाठी फोटो कोरड्या गाडीचाच.

हे समजून काय मिळते

आता पाऊस सॉफ्टवेअरने घालता येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारेल. नकली पावसात रेघा असतात, पण रस्ता कोरडा करडाच राहतो, दिव्यांची प्रतिबिंबे जागेवर नसतात आणि पांढऱ्या आकाशासमोरही थेंब ठळक दिसतात. वरची कारणे माहीत असलेल्याला ही लबाडी लगेच कळते. ज्या काळात समोर आलेल्या प्रत्येक फोटोवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न पडतो, त्या काळात हे ज्ञान फोटो काढणाऱ्याइतकेच पाहणाऱ्याच्याही उपयोगाचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री तर घरोघरी आहे: एक फोन, एक छत्री आणि एक उभी गाडी. प्रकाश कुठून येतो, कशावर आपटतो आणि कुठे जातो, हे तीन प्रश्न विचारायची सवय एका पावसाळ्यात लागते, आणि मग ती उन्हातही कामाला येते.